वीणा खाली ठेवता येत नाही

शिरूरच्या बाजारात टेम्पोतून कांद्याच्या गोण्या उतरवत होतो, तेव्हा आप्पांच्या मुलाचा फोन आला. "दादा, आप्पा गेलं." आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? आता माझ्या हातातून वीणा कोण घेणार... ज्यांनी मला माणसांत आणलं, ते गेल्याचं कळलं त्या क्षणीही मला माझंच पडलं होतं. महिना उलटला तरी ती लाज जात नाही.

मी दौंडकडच्या वाळूवाल्यांच्या टोळीत होतो. घोडनदीच्या काठी झालेल्या मारामारीत दुसऱ्या टोळीतल्या दत्तूचा पाय मी कायमचा अधू केला आणि तुरुंगात गेलो. सुटून गावी आलो तर सख्ख्या भावानं दार उघडलं नाही. देवळाच्या पारावर बसलो होतो, तिथं भजनी मंडळाचे आप्पा आले. "जेवलास का न्हाई? चल." एवढंच. त्यांनी गोठ्याशेजारची खोली दिली, टेम्पोवर काम लावून दिलं, संध्याकाळी भजनाला शेजारी बसवलं. मी वेगळं बिऱ्हाड केल्यावर तुरुंगातून सुटलेले आणखी काहीजण त्या खोलीत राहून गेले. मंडळी कुरकुरायची, "आप्पा, गुंडांना कशाला देवळात आणता?" आप्पा हसायचे. "मंग देऊळ कुणासाठी बांधलं?"

सप्ताहात वीणा जमिनीला टेकवायची नसते. पहारेकरी ती गळ्यात घेऊन उभा राहतो, पुढच्यानं येऊन ती आपल्या गळ्यात घ्यायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. आप्पांनी मला दुपारचा पहारा दिला. माझी वेळ संपली, पुढचा गडी मंडपात आला, बसला, पण उठेचना. माझ्या हातची वीणा त्याला नको होती. सगळा मंडप माझ्याकडं बघत होता. ठेवता येईना, देता येईना... धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. आप्पा पंगतीत वाढत होते. आमटीची बादली ठेवून ते तसेच आले, वीणा घेतली आणि खांबाला धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्या पायाशी वाकले. मी मागं सरलो.

"गप उभा ऱ्हा. दोघांनी पडायचं असतंय."

पुढं दर सप्ताहाला माझ्यानंतरचा पहारा आप्पांनी स्वतःकडंच ठेवला, आणि वाकताना दर वेळी ते हेच म्हणायचे.

गेल्या वर्षी दत्तूही कुठल्याशा गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटला आणि आप्पांनी त्यालाही त्याच खोलीत ठेवलं. मी भजनाला जायचंच सोडलं. आप्पा दोनदा घरी आले. "येकदा भेट त्याला. खाणार न्हाई तो." मी टेम्पोच्या भाड्याचं निमित्त सांगितलं. नंतर आप्पा अंथरुणाला खिळले, तेव्हाही दत्तू उशाशी असायचा म्हणून मी दारातूनच परतलो. मला माणसांत बसवणाऱ्याशी मी असा वागलो.

परवाच्या सप्ताहात मंडळानं माझा पहारा तसाच ठेवला होता. वेळ संपली. मी मान खाली घालून उभा होतो, कोण येईल याचा भरवसा नव्हता. मग पाय घासत चालल्याचा आवाज आला. दत्तू समोर उभा राहिला, हात पुढं केले आणि वीणा आपल्या गळ्यात घेतली. मी त्या वाळलेल्या पायावर डोकं टेकलं. उठलो, तर तो खांबाला धरून, आप्पा धरायचे तिथंच धरून, कसाबसा वाकत होता.

"नको दत्तू, माझ्या नको," मी म्हणालो.

"आप्पा काय म्हनायचं?" तो म्हणाला, आणि वाकला.