पाण्याला नाही म्हणताना

सोमवार, बुधवार, शुक्रवार. आठवड्यातले हे तीन दिवस सकाळी सात वाजता शिवराम मोहिते खारघरच्या डायलिसिस सेंटरात वजनकाट्यावर उभे राहत आणि तिथला टेक्निशियन मिथुन आकडा बघून भुवया उडवी. दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या माणसाच्या अंगात प्यायलेलं पाणी साठून राहतं आणि काटा काही कुणाची भीड धरत नाही. चहा, डाळ, गोळ्यांबरोबरचे घोट, सगळं धरून दिवसाला एक लिटर. त्यापुढे थेंबही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मुलगा रोहन हैदराबादला नोकरीत. त्याने बापाच्या काळजीने ऑनलाइन एक बाटली मागवून पाठवली होती. तिच्यावर रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेशी 'शाब्बास, अजून प्या' अशा अर्थाचं काहीबाही इंग्रजीत छापलेलं होतं. रोहनने रेघा तेवढ्या बघितल्या होत्या, मजकूर वाचायला त्याला सवड झाली नसावी. आजकालची मुलं काळजीसुद्धा कुरियरने धाडतात. शिवराम रोज सकाळी ती बाटली अर्धीच भरत आणि त्या शाबासकीकडे काणाडोळा करून रात्रीपर्यंत पुरवत.

तहानेचं ते निभावून नेत. तळोज्याच्या केमिकल कंपनीत एकतीस वर्षं बॉयलरपाशी काढलेला माणूस, त्याला तहान काय सांगता. त्यांना जमत नव्हती ती वेगळीच गोष्ट होती. कुणी घरात बोलावून पाणी पुढे केलं, तर त्याला नाही म्हणणं.

याचं मूळ महाडपलीकडच्या त्यांच्या गावात होतं. वडील कोंडिबा लहान असताना खोताच्या अंगणात त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जाई, तेही ओतणाऱ्याला सवड असली तर. त्या कोंडिबांनी मुलाला एकच शिकवण दिली होती. घरात घेऊन कुणी पेल्याने पाणी दिलं, तर नको म्हणायचं नाही आणि पेला रिकामा करून खाली ठेवायचा. त्या पेल्यासाठी आपल्या माणसांनी काय सोसलंय ते मनात ठेवायचं. शिवरामांनी ही शिकवण सगळीकडे पाळली. साहेबाच्या घरी पाळली, मुलाच्या सासरी पाळली, आणि डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्याच जयंतीला वस्तीतल्या आठ घरी पाळली. आठ घरं, आठ पेले, वर दोन ठिकाणी सरबत आणि एके ठिकाणी खीर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आडवं होता येईना की धड उभं राहता येईना, छातीत पाणी भरलं होतं. शेजारच्या मधुकरने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तीन दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. डॉक्टर रागावून म्हणाले, एवढीही तहान आवरत नाही का तुम्हाला? शिवराम म्हणाले, नाही आवरली. खरं सांगायची लाज वाटली.

घरी आल्यावर त्यांनी त्यावर तोडगा काढला आणि तो मुळातच चुकीचा होता. त्यांनी लोकांच्या घरी जाणंच सोडलं. आधी लग्नं सुटली, मग बारशी, मग रविवारी विहारात जाणं, कारण वंदना झाली की कुणी ना कुणी 'घरी चला' म्हणणारच. विचारलं की उत्तर ठरलेलं, डायलिसिस असतं. त्यापुढे बोलणाराही काय बोलणार? माणसं वाईट नसतात, पण बोलावून बोलावून किती दिवस बोलावतील? चार महिन्यांत फोन कमी झाले, सहा महिन्यांत थांबलेच. बायको सुंदराबाई चार वर्षांपूर्वी गेली होती. सेंटर नसलेल्या दिवशी सकाळी दूधवाल्याला 'एकच पिशवी' म्हटलं की संध्याकाळपर्यंत त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे. मग कुकरची शिट्टी झाली की ते त्यालाच म्हणत, आलो रे. आपण कुकरशी बोलतोय हे ध्यानात आलं की त्यांना भडभडून येई.

उन्नती नावाची पंचविशी-तिशीतली समुपदेशक दर बुधवारी सेंटरात येई आणि पेशंटच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसे. शिवरामांना आधी वाटलं, ही वेड्यांसाठी असते. आपलं डोकं ठिकाणावर आहे, रक्त तेवढं बिघडलंय. पण चार तास हाताला सुया लावून बसलेला माणूस उठून जाणार कुठे? तिने आजाराचं काही विचारलंच नाही. शेवटचं कुणाच्या घरी गेला होतात, एवढंच विचारलं. शिवरामांनी आठवून बघितलं. अकरा महिने झाले होते.

हळूहळू त्यांनी पाण्याचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं. आणि इथे त्या शिकलेल्या मुलीनेही घाई केलीच. ती म्हणाली, काका, सरळ हसून नको म्हणायचं, त्यात काय एवढं. शिवरामांनी मान भिंतीकडे फिरवली ती पुढचे दोन बुधवार फिरवलेलीच ठेवली. तिसऱ्या बुधवारी उन्नती स्टुलावर बसली आणि म्हणाली की मागच्या वेळी मी न समजता बोलले, माझी चूक झाली. चुकलो म्हणणारं माणूस त्यांना कैक दिवसांत भेटलं नव्हतं. त्यांनी मान वळवली.

त्याच आठवड्यात वामनचा फोन आला. वामन हा घणसोली गावातला, कंपनीतला त्यांचा जोडीदार. एकाच पाळीत, एकाच बॉयलरवर दोघांनी सारी नोकरी काढली होती. कंपनी सुटली तरी महिन्यातून एकदा शिवराम त्याच्या घरी जेवायला जात. वामनची आई सखू त्यांना मुलासारखंच वागवी आणि तेही तिला आयेच म्हणत. सख्खी आई गेल्यावर ती हाक मारायला त्यांच्याजवळ तेवढं एकच माणूस उरलं होतं. वर्षभरात वामनने चारदा बोलावलं, चारदा त्यांनी टाळलं. आता आये शहाऐंशीची झाली होती, अंथरुणाला खिळली होती आणि शिवराम कवा येनार म्हणून विचारत होती. शिवराम सवयीने म्हणाले, डायलिसिस असतं रे.

"रोज असता का?" वामन म्हणाला. "का आता आमचे घरचा पानी पन तुला नको झाला? तसा सांग. मंग मी इचारनार नाय."

फोन ठेवल्यावर शिवराम खिडकीपाशी उभे राहिले. आयुष्यभर ज्या एका गोष्टीला जपलं, नेमकी तीच मोडल्याचा आळ आला होता. आता गेलो नाही तर वामन तुटणार आणि वामनबरोबर आयेही. जाऊन पाणी प्यायलो तर एका घरी भागणार नाही, पुन्हा तेच आठ पेले सुरू. आणि न प्यावं, तर तोंडाने नको म्हणावं लागणार.

बुधवारी उन्नतीला त्यांनी हे सांगितलं. तिने या खेपेला उपाय सांगितला नाही. वामनच्या घरी कळलं तर काय होईल, असं वाटतं तुम्हाला, एवढंच विचारलं.

"मापाने देतील," शिवराम म्हणाले. "माझ्यासाठी छोटा पेला बाजूला काढून ठेवतील. वेगळा. सगळ्यांचा एक आणि शिवरामचा एक. पोरी, ते मला नाय बघवणार."

उन्नतीचे डोळे भरले, पण तिने ते पुसायची लगबग केली नाही. मग दोघांनी मिळून एक वाक्य ठरवलं. सबब सांगणारं नको, माफी मागणारं नको, फक्त खरं. हाताला सुया असतानाच शिवरामांनी ते दहा-बारा वेळा म्हणून बघितलं. शेजारच्या खुर्चीतल्या पेशंट बाईंनी तर विचारलं, नाटकात काम मिळालं काय?

रविवारी दुपारी दोन बस बदलून ते घणसोली गावात उतरले. दोघं जोडीने चालू शकणार नाहीत असल्या गल्लीत, भाडेकरूंच्या तीन मजल्यांखाली वामनचं जुनं घर दबून राहिलेलं होतं. दारातूनच परत फिरावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. तेवढ्यात वामननेच पाहिलं. ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही, फक्त दारातून बाजूला झाला. आत ओटीवर आये खाटेवर उशीला टेकून होती. शिवराम पाया पडले. वामनची सून जागृती रिवाजाप्रमाणे ताटलीत पाण्याचा पेला घेऊन आली आणि पुढे धरून उभी राहिली.

शिवरामांचा हात सवयीने उठला. तो त्यांनी मागे घेतला.

"आये, मी पाणी पिऊ शकत नाय. पिलेलं पाणी माझ्या अंगाबाहेर पडत नाय. म्हणून मी येत नव्हतो."

जागृती गोंधळून सासऱ्याकडे बघू लागली. वामन भडकला. वर्षभर हे एवढं मला सांगता आलं नाही, मी कोण लागतो तुझा, फोनवर मी तुला काय काय बोललो, असं तो बोलत सुटला. आये मात्र शिवरामांकडे टक लावून बघत होती. तिने हाताने वामनला थांबवलं.

"तू पयल्यांदा आलेलास, तवा पानी मीच दिलता," ती सावकाश म्हणाली. "दारान शेजारच्या बाया बगत व्हत्या. मना भ्याव वाटला. मनान बोलले, हा पोरगा नको बोलंल त बरा व्हईल. कवाधरना हा सांगाचा व्हता तुला."

वामन म्हणाला, आये, आता हे कशाला. पेला ताटलीत तसाच होता. शिवराम खाली फरशीकडे बघत राहिले. तेहतीस वर्षं या घराला ते आपलंच मानत आले होते. पण त्या पहिल्या दिवसाची गोष्ट त्यांनीही आजवर कुणाला सांगितली नव्हती. सुंदराबाईला नाही, उन्नतीलाही नाही.

"मला ठाऊक होतं, आये," ते म्हणाले. "तुझा हात थरथरत होता. म्हणूनच तर सगळं प्यालो."

म्हातारीने डोळे मिटले.

"मंग आता कोनासाठी पिऊ नको," ती म्हणाली आणि भिंतीकडे सरकून तिने खाटेवर त्यांना बसायला जागा केली.