पाच व्होल्ट आणि पांढरा दोरा

माझ्या गॅरेजातल्या व्होल्ट मोजायच्या मीटरला दर दसऱ्याला झेंडूचा हार पडतो. तो हार माझ्या मानाचा नाही, हे चार वर्षं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

हार आणणाऱ्या ताई मखमलाबादकडच्या. स्वतःची फुलं स्वतःच पिकअप चालवून बाजारात नेतात. चार वर्षांपूर्वी दसरा दोन दिवसांवर आलेला आणि त्यांची गाडी रेसच घेईना. स्कॅनर लावला तर एकदम तीन सेन्सर खराब दाखवले. तिन्ही एकदम कसे जातील? गाडीचा कॉम्प्युटर सगळ्या सेन्सरांना एकाच वायरीतून पाच व्होल्ट पुरवतो. ती कुठं बॉडीला टेकली की सगळेच आंधळे. मीटरवर पाचाच्या जागी अर्धासुद्धा येत नव्हता. एकेक सेन्सरचं सॉकेट काढत गेलो. ज्याचं काढल्यावर पाच परत येतात, तो चोर. सगळी काढली, पाच काही आले नाहीत.

म्हणजे एक तर वायर, नाही तर कॉम्प्युटर. वायर शोधायची तर अर्धी गाडी उघडावी लागते. मला घाई होती आणि डोकं तापलेलं.

माझा भागीदार मालेगावकडचा. बारा वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही. आठवड्यापूर्वी त्याच गाडीची उंदरानं कुरतडलेली वायर त्यानं जोडली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला! ताईंसमोर मी ओरडलो, "तुझ्या जोडानं कॉम्प्युटर जाळला! या वयात साधा जोड जमत नाही तुला?"

तो त्याच्या अहिराणीत एवढंच म्हणाला, "मना जोड चांगला शे. तू वायर देख."

"मला शिकवू नकोस."

तो हात पुसून निघून गेला. ताई खाली बघत होत्या. कॉम्प्युटर बदलावा लागेल, दसरा हातचा जाईल, असं मी त्यांना तोंडावर सांगून टाकलं.

सकाळी आलो तर शटरचं कुलूप उघडं. पिकअपचं बॉनेट वर. बॅटरीखालच्या वायरीला नवी टेप गुंडाळलेली आणि टेपच्या टोकाला पांढऱ्या दोऱ्याची गाठ. इंजिनाच्या उष्णतेनं टेप सुटते म्हणून अशी गाठ मारायची सवय अख्ख्या नाशकात त्या एकालाच. शेजारी बॅटरीची लोखंडी पट्टी काढून ठेवलेली. तिच्याखाली वायर चेपून हळूहळू सोलली होती. ती पट्टी महिन्यापूर्वी मीच आवळली होती. मीच! त्याचा जुना जोड वीतभर लांब, जसाच्या तसा.

मीटर लावला. पाच व्होल्ट. काउंटरवर त्याच्याकडची शटरची चावी होती.

ताई आल्या, गाडी चालू झालेली बघून त्यांना रडूच कोसळलं. "दादा, लय उपकार झाले वो तुमचे!" तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "कॉम्प्युटर वाचला बघा." जळो माझं तोंड.

त्याला फोन करायला कितीदा मोबाईल हातात घेतला. काय बोलणार? मग दिवस गेले, आणि जितके गेले तितकी लाज वाढली.

यंदा दसऱ्याला मीटरला हार घालता घालता ताई म्हणाल्या, "ते तुमचे भागीदार कुठं असतात हो आता? वायर चुकीची जोडली होती ते?"

नेहमीसारखं "गावी गेले" म्हणणार होतो. पण माझ्या चुकीवर त्याचं नाव अजून चिकटलेलं ऐकलं आणि नाही राहवलं. पट्टी, गाठ, चावी, सगळं सांगितलं.

ताईंनी मीटरवरचा हार काढला, वर्तमानपत्रात नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"मालेगावची एसटी किती वाजता हाय?"

दर अर्ध्या तासाला असते. चार वर्षं होतीच की.