खांदा शेहेचाळीस

निशाणाच्या शेवटच्या पाटीची रुंदी चाळीस सेंटीमीटर होती. नेमबाजीच्या स्पर्धेच्या पत्रकात ती पन्नास छापून गेली. पत्रक टाइप मी केलं, तपासलं मी आणि खाली क्लबचा शिक्काही मीच ठोकला. म्हणजे या गाढवपणात दुसरा भागीदार नाही. तो पकडला कपडे शिवणाऱ्या एका बाईने.

तिला सगळा क्लब वहिनी म्हणायचा, कारण तिचा दीर तसं म्हणायचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान. एक मशीन, एक आरसा आणि 'उद्या नक्की' म्हणून ठेवलेल्या कपड्यांचा ढीग. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप गळ्यातून काढायच्या आधीच ती माप सांगायची. टेप नंतर लावायची, गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

दीर लिफ्ट दुरुस्त करायचा आणि रविवारी क्लबच्या रायफलीने नेम धरायचा. स्पर्धा जोडीची. एकाने दुर्बिणीतून बघून अंतर सांगायचं, दुसऱ्याने गोळी झाडायची. वहिनीच्या नवऱ्याला बंदुकीच्या आवाजाने धडकी भरायची, म्हणून दुर्बीण तिच्याकडे आली. स्पर्धेत अंतर मोजायचं यंत्र चालत नाही. दुर्बिणीच्या काचेवर बारीक खुणा असतात. समोरच्या वस्तूची रुंदी ठाऊक असली, की ती किती खुणा व्यापते त्यावरून अंतर निघतं; बरोबर एक खूण भरली, तर अंतर रुंदीच्या हजारपट. रुंदीच चुकली तर पुढे सगळा आनंदीआनंद.

क्लबच्या चांगल्या रायफली तीनच. पहिल्या तीन जोड्यांना त्या वर्षभर मिळतात. दिराकडे त्यातली एक गेली दोन वर्षं होती आणि स्वतःची घ्यायची त्याची ऐपत नव्हती. यंदा शेवटची पाटी उरली, तेव्हा तो चौथा होता.

लोखंडी पाट्या टांगणारा माणूस, म्हणजे आमचा पाटीवाला, सकाळीच वहिनीला आडवा आला होता.

"वहिनी, कोटाचा आतला खिसा राहिलाय. दोन महिने झाले."

"तुमच्याकडे खिशात ठेवायला आहे काय?"

"चष्मा!"

"पुढच्या आठवड्यात."

शेवटची पाटी टांगून तो क्षणभर तिच्या शेजारी उभा राहिला, झेंडा हलवला आणि खंदकात उतरला. पहिल्या तिन्ही जोड्यांच्या गोळ्या पाटीच्या वरून गेल्या. कुणी उन्हाला दोष दिला, कुणी काडतुसांना. मग दिराची पाळी आली.

"वहिनी, आकडा सांगा."

"थांबा भावोजी. ही पाटी पन्नासची नाही."

"पत्रकात छापलंय."

"तुमच्या ओळखपत्रावर उंची पाच फूट आठ इंच छापलीय. पँट मी शिवते."

दिराने पँट वर ओढली.

"पाटीवाला शेजारी उभा होता ना, तेव्हा पाटी त्याच्या खांद्याहून अरुंद दिसली. त्याचा खांदा साडेत्रेचाळीस. कोट अडीचने सैल ठेवलाय. झाले शेहेचाळीस. तेवढ्या रुंदीने काचेवरची एक खूण बरोबर भरली. चारशे साठ मीटर."

"पन्नास धरलं तर पावणेसहाशे येतं! वहिनी, चुकलं तर रायफल जाईल."

"खांदा मी दोनदा मोजलाय. पत्रकवाल्याने पाटी एकदा तरी मोजली असेल का?"

नव्हती मोजली.

दिराने रायफलीवर चारशे साठ लावले. टण्ण आवाज आला. तो तिसरा झाला.

पण अंतर कसं काढलं ते कागदावर लिहून द्यावं लागतं. दीर तिच्या कानाशी वाकला, "नुसतं 'अंदाजाने' लिहा." वहिनीने लिहिलं, 'पाटीवाल्याचा खांदा ४६, कोटासकट.'

क्लबचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"हे काय आहे?"

"माप आहे. पाटी मोजून बघा."

मोजली. चाळीस भरली. सेक्रेटरींनी माझ्याकडे असं पाहिलं, की दाढ उपटायला काढलीय असं वाटलं. शेवटची फेरी रद्द झाली, खरी रुंदी सगळ्यांना सांगितली गेली आणि पाटीची जागा बदलून पुन्हा गोळ्या झाडल्या. या वेळी चारही जोड्यांच्या लागल्या. दीर परत चौथा.

रायफल त्याने माझ्या टेबलावर ठेवली. पट्टा गुंडाळून नीट बांधला, सही केली. मी काहीतरी पुटपुटलो; त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकूनही तसंच दाखवलं.

"'अंदाजाने' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?" बाहेर पडता पडता तो वहिनीला म्हणाला.

"अंदाजाने मी फक्त मीठ घालते, भावोजी."

"तेही जास्त पडतं."

"पुढच्या वर्षी चांगला नेम धरा, मग मीठ बघू."

फाटकापाशी पाटीवाला उभा होता. कोट अंगात, चष्मा हातात.

"वहिनी, माझ्या खांद्याचं आज एवढं नाव झालं. आता तरी खिसा?"

"पुढच्या आठवड्यात," वहिनी म्हणाली.

या गोष्टीला चार महिने झाले. चष्मा अजून त्याच्या हातातच असतो.