महादेवी अक्कांचे उलटे आकडे

एका माणसाबद्दल लिहायला बसलो आहे आणि आधीच माफी मागावीशी वाटते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. पत्र लिहायचीसुद्धा आमच्याकडे कुणाला सवय नाही. त्यात ज्या बाईंना मी जेमतेम पाच आठवडे ओळखत होतो, त्यांच्याविषयी मीच का लिहावं, हे मला नीट सांगता येणार नाही. कुठे चुकलं तर समजून घ्यावं.

महादेवी अक्का कॉम्प्युटरला उत्तर द्यायच्या. मी तेव्हा कोल्हापुरात मानसशास्त्र घेऊन बी.ए. करत होतो आणि संध्याकाळी एका केंद्रात मदतनीस होतो. ज्यांचं लक्ष टिकत नाही अशी मुलं, क्वचित मोठी माणसं तिथे येत. आत्ता ऐकलेलं क्षणभर मनात धरून ठेवायचं आणि त्यावर काम करायचं, याचा सराव कॉम्प्युटरवर चाले. पडद्यावर चौकटी उजळत, त्यांचा क्रम लक्षात ठेवायचा. कानात आकडे ऐकू येत, ते उलट्या क्रमाने दाबायचे. जमलं की पुढच्या वेळी एक आकडा जास्त, आणि हेडफोनमधला आवाज म्हणायचा, ‘शाब्बास!’

पहिल्या दिवशी हा शाब्बास ऐकून अक्का मोठ्याने म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. फुडचं सांग.”

हेडफोन घातलेल्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. खोलीतली सगळी मुलं वळून बघायला लागली. मी जवळ जाऊन खुणेने सांगितलं, तर म्हणाल्या, “काय पावणं, बोलायचं बी न्हाई? दिवसभरात मला शाब्बास म्हणणारा ह्यो एकटाच हाय.”

अक्कांचं वय तेव्हा त्रेचाळीस. माहेर चिकोडीकडचं, घरात कानडी बोलणारं. सासर कुरुंदवाडचं. मूल नव्हतं. नवरा कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत कारकून होता, तो अचानक गेला आणि अनुकंपा तत्त्वावर अक्का त्याच टेबलाशी येऊन बसल्या. कळंब्याला एका खोलीत राहायच्या. इथल्या बऱ्याच बायकांसारख्या त्याही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणायच्या. एकदा उशिरा, घामाघूम होऊन आल्या आणि दारातूनच हसत म्हणाल्या, “बसमधनं दुकानांचं बोर्ड वाचत बसलो की! स्टॉप कवा गेला पत्ताच न्हाई. चालत आलो माघारी.” लहानपणापासून हे असंच. “मास्तर म्हणायचं, महादेवी वर्गात हाय, पर महादेवीचं ध्यान बाजारात हाय.”

त्या हसून सांगायच्या, पण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट ती नव्हती. नोकरी टिकवायला त्यांना मराठी टायपिंगची परीक्षा मुदतीत पास व्हायची होती. दोनदा नापास झाल्या होत्या. आता एकच संधी उरली होती. “बोटं चालत्यात रे,” त्या म्हणायच्या, “नजर ऱ्हात न्हाई. वरच्या ओळीत ‘सदर’, खालच्या ओळीत बी ‘सदर’. ह्या सदरवरनं नजर उडती ती त्या सदरवर. मधली ओळ गायब!” केंद्राची वेळ संध्याकाळी सहाची. त्यांची टायपिंगची बॅचही सहाचीच. ती त्यांनी सोडली होती. “आदी डोकं दुरुस्त करतो, मग बोटं.”

आठवड्याभरात त्यांच्या ‘पावणं’चं ‘तम्मा’ झालं. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. कधी शेंगाची पोळी आणायच्या आणि डब्याचं झाकण घरी विसरायच्या, म्हणून वर्तमानपत्र गुंडाळलेलं असायचं. “जेवलास काय?” हे त्यांचं पहिलं वाक्य. मी कॉट बेसिसवर राहत होतो. खोलीत चौघं होतो, पण प्रत्येकाच्या कानात आपापला इयरफोन. जेवलास का हे कोल्हापुरात मला दुसरं कुणी विचारत नव्हतं. काम संपलं तरी अक्का लगेच उठायच्या नाहीत. “घरात शिरल्या शिरल्या टीव्ही लावतो मी,” एकदा म्हणाल्या. “बघत न्हाई. माणसं बोलत्यात, तेवढंच.”

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा आलेख एकदम चढला. चौकटींमध्ये फारसा फरक नव्हता, पण उलट्या आकड्यांत त्या सगळ्या मुलांच्या पुढे गेल्या. मला नवल वाटलं. शेजारी बसून ऐकलं, तर अक्का ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होत्या.

“काय म्हणताय, अक्का?”

“आता बघ,” त्यांनी हेडफोन काढला. “ह्यो म्हणतोय सहा, तीन, आठ, चार. मी मनात धरतो, त्रेसष्ट, चौऱ्याऐंशी. दोनच झालं न्हवं? आता मागनं सांगायचं. चौऱ्याऐंशी, म्हंजे चार, आठ. त्रेसष्ट, म्हंजे तीन, सहा. झालं! मराठीत आकडा उलटाच बोलत्यात की. आदी तीन, मग साठ.”

मी आयुष्यभर त्रेसष्ट म्हणत आलो, पण हे कधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

“तुला कसं कळंल? आमच्या कानडीत आकडा सरळ. अरवत्तमूरु. साठ, मग तीन. लगीन होऊन कुरुंदवाडला आलो तवा लई घोटाळायचो. कुणी त्रेसष्ट म्हणलं की मी छत्तीस लिवायचो. सासू म्हणायची, ही सूनच उलटी आणलीया.” आणि अक्का इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. “बघ, तवाची चूक आता कामाला आली.”

हे मी केंद्र चालवणाऱ्या मॅडमना कौतुकाने सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “युक्ती छान आहे. पण त्यांना उलटे आकडे जमायला लागलेत, लक्ष टिकवणं नाही. खेळात माणूस खेळ शिकतो. बाहेर किती उतरेल ते छातीठोक सांगता येत नाही. मी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तरी पुन्हा सांगायला हवं. त्यांनी टायपिंग सोडू नये. तुझ्याशी बोलतात त्या, तूच सांग.”

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. त्या दिवशी अक्का झाकणासकट डबा घेऊन आल्या आणि दाखवत म्हणाल्या, “बघ, इसरलो न्हाई! सुदारणा हाय!” मग कसं सांगणार? त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं फार होती. असे दिवस गेले. खरं कारण आज लिहितो. टायपिंगची बॅचही सहाची होती. मी सांगितलं असतं तर त्या आल्या नसत्या.

शेवटच्या दिवशी मी त्यांना आलेख छापून दिला. त्यांनी त्या चढत्या रेघेवरून बोट फिरवलं.

“तम्मा, खरं सांग. परीक्षेला उपेग हुईल न्हवं ह्याचा?”

आता बोलायचं, असं मी मनात म्हणालो. आणि तोंडाने म्हणालो, “होईल की, अक्का.”

“मग झालं तर.” त्यांनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. “पास झालो की येतो पेढे घेऊन.” जिन्यावरून उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

परीक्षेचे दिवस आले आणि गेले. अक्का आल्या नाहीत. केंद्राच्या फाइलमध्ये त्यांचा नंबर होता. दोनदा लावला आणि एक रिंग होताच कापला. पास झाल्या असतील, कामात विसरल्या असतील, विसरणं त्यांना नवीन नाही, असं स्वतःला सांगत राहिलो. मी पुढे एम.ए.ला गेलो. केंद्रातलं काम चालूच होतं.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली. विशीतली, गडमुडशिंगीची. वडील वारल्यावर अक्कांच्याच कचेरीत अनुकंपावर लागलेली. तिचीही टायपिंगची परीक्षा होती.

“अक्कांनी फोनवर सांगितलंय, हितंच जा म्हणून. म्हणल्या, तिथला पोरगा लई जीव लावून शिकवतोय. सहाची बॅच सोडायला तयार हाय मी.”

“बॅच सोडू नका,” मी म्हणालो. आलेख कसा चढतो, त्याचा अर्थ काय आणि काय नाही, सगळं तिला सांगितलं. अक्कांना सांगायचं होतं तेच, तितक्याच शब्दांत. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग विचारलं, “अक्का कशा आहेत?”

“तुमाला ठाऊक न्हाई? नापास झाल्या की त्या. मधली एक ओळच गाळली. नोकरी गेली. माहेरी असत्यात आता, चिकोडीकडं, भावाच्या दुकानात.” तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला बरं वाटावं म्हणूनच बहुधा पुढे म्हणाली, “पण तुमच्यावर राग न्हाई हं त्यांचा. म्हणल्या, पोरानं सगळं बरोबर शिकवलं होतं, मलाच जमलं न्हाई.”