शिट्टीबाईंच्या गाडीचा नवा आवाज

जन्मभर शाळेत मुलांना कवायत शिकवलेली बाई निवृत्त झाली म्हणून घरात स्वस्थ बसेल थोडीच! शिट्टीबाईंनी घरामागच्या मैदानावर रोज सकाळी मोठ्या माणसांचा व्यायामवर्ग सुरू केला. जुन्या गाडीची डिकी उघडायची, आतल्या स्पीकरवर गाणी लावायची आणि ठेक्यावर सगळ्यांकडून हातपाय हलवून घ्यायचे. आधी शेजारच्या दोनचार बायका होत्या. बघता बघता मैदान भरलं आणि मागून ओरडा सुरू झाला, "बाई, ऐकू येत नाही!" पुढची रांग उडी मारायची तेव्हा मागची रांग वाकलेली असायची.

बाईंनी तडक मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणि दणदणीत स्पीकर आणून डिकीत बसवून घेतले. पहिल्या सकाळी पुरतं उजाडलं नव्हतं, म्हणून गाडीचे दिवेही लावले. गाणं सुरू झालं आणि ठेक्यागणिक दिवे मंदावायला लागले. लोकांना वाटलं, काय झकास रोषणाई! पण ऐन उड्यांच्या मध्यात आवाज बंद पडला, पाठोपाठ इंजिनही. किल्ली फिरवली तर नुसतं टक टक.

"रांगा मोडू नका!" बाई ओरडल्या. "आजचा पुढचा व्यायाम, गाडी ढकलणे!"

हसत, धापा टाकत सगळ्यांनी गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनच्या दारात नेली. तो बाईंचाच जुना विद्यार्थी. कवायतीच्या तासाला त्याच्या पोटात हमखास दुखायचं. बाईंना पाहताच तो स्टुलावरून ताडकन उठला.

"बस, बस. आज दुखणं गाडीचं आहे," बाई म्हणाल्या.

त्याने बॉनेट उघडून आत डोकावलं. "बाई, इंजिन फिरतं तेव्हा हा अल्टरनेटर वीज तयार करतो. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरची भूक पाहता याची वीज म्हणजे दर्यात खसखस. मोठा बसवावा लागेल. वायरीही जाड हव्यात, बारीक नळीतून कितीसं पाणी येणार? शिवाय डिकीत आणखी एक बॅटरी. सामान येऊ द्या, मी करून देतो."

"तू सांग. करते मी."

"बाई, हात काळे होतील."

"मग धुवेन!"

सामान आलं आणि बाईंच्या अंगणात काम सुरू झालं. बाई जुनी ट्रॅकपँट चढवून बॉनेटखाली वाकल्या, विद्यार्थी शेजारी उभा राहून सूचना देऊ लागला. "आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जोडताना तीच शेवटी. फ्यूज बॅटरीला लागूनच घ्या, वायर कुठे घासली तर आग लागायला नको." अंगठ्याएवढी जाड वायर वळता वळत नव्हती. बाईंनी गुडघा टेकवून ती अशी वळवली की विद्यार्थी नकळत मागे सरकला.

बाईंचे यजमान निवृत्त ग्रंथपाल, म्हणजे शांततेचे पुजारी. ते पुस्तक मिटून बाहेर आले. "अगं, ही गाडी आहे की वीजघर?"

"अहो, नुसते उभे राहू नका. टॉर्च धरा."

सगळं जोडून झालं. बाईंनी इंजिन आणि दिवे चालू करून श्वास रोखून गाणं लावलं, आणि दिवे पुन्हा मंदावले! बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. विद्यार्थ्याने व्होल्ट मोजायचा मीटर त्यांच्या हातात दिला. "गाणं चालू ठेवूनच एकेक जोड तपासा. जोडाच्या दोन बाजूंमध्ये काटा हलायला नको."

बाई एकेक जोड तपासत गेल्या. जाड काळी वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टने कसली होती, तिथे काटा टुणकन उडाला.

"इथं पाणी मुरतंय!"

बोल्ट काढला तर खाली रंगाचा जाड थर. रंगातून वीज जाणार कशी? बाईंनी सँडपेपर घेतला. यजमान कळवळले, "अगं, रंग!" तोवर पत्रा चकाकायला लागलाही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर इंजिन चालू ठेवून बाईंनी बॅटरीचे व्होल्ट घसरतात का ते पाहायला यजमानांना गाडीत मीटरसमोर बसवलं. ठेका पडला. छातीत धप्प झालं, डिकीचं झाकण थरथरलं, पार टोकाच्या झाडावरून पाखरं उडाली.

"किती?" बाई ओरडल्या.

"चौदा!"

आवाज वाढवला. "आता?"

खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ग्रंथपाल बेंबीच्या देठापासून ओरडले, "चौदाच! हलत नाही गं, हलत नाही!"

सगळं मैदान एकाच वेळी हवेत उडालं. मागच्या रांगेने आरोळी ठोकली. इलेक्ट्रिशियन दुकानाची किल्ली हातात तशीच घेऊन उड्या मारत होता.

वर्गाची वेळ संपली तरी कुणी हलेना. तेवढ्यात मैदानापलीकडच्या वृद्धाश्रमातली नर्स लगबगीने येताना दिसली. आता तक्रार ऐकायची, म्हणून बाईंनी आवाज बारीक केला.

"कमी नका करू!" नर्स म्हणाली. "आमची मंडळी खिडकीत बसून हात हलवताहेत. इथवर चालत यायचं म्हटलं तर त्यांना जमत नाही. ही गाडी आमच्या अंगणात येईल का हो?"

बाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "तुमचं फाटक किती रुंद आहे?"

फाटक पुरेसं रुंद निघालं. रविवारी गाडी वृद्धाश्रमाच्या अंगणात उभी राहिली, आणि खुर्च्यांवर बसलेले आजीआजोबा बाईंच्या हुकमावर खांदे फिरवू लागले.