तिसऱ्या वर्षाची एक जागा

नांदेड स्टेशनवर रुबिनाची अम्मी खिडकीच्या गजांतून हात आत घालून आमच्या दोघींच्या डोक्यावरून फिरवत होती. गाडी हलली तेव्हा ती रुबिनाशी नाही, माझ्याशी बोलली. "प्राची, तू संगं आहेस म्हणून पाठवायलेय हिला. ध्यान ठेव." माझी आई तिच्या मागे उभी होती. तिने नुसती मान हलवली.

वसमतला आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. राज्यशास्त्र घेऊन बी. ए. करायचं, तेही दिल्लीकडे जाऊन, हे रुबिनाचं वेड. शाळेत नागरिकशास्त्राचं पुस्तक परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडायचं असतं. ती ते पेन्सिलने खुणा करत वाचायची. तिला संविधान शिकवायचं होतं. मला वसमतमधून निघायचं होतं, एवढंच.

ग्रेटर नोएडातल्या एका खासगी कॉलेजात दोघींना प्रवेश मिळाला. आजूबाजूला अर्धवट टॉवर आणि मधे गव्हाची शेतं. दोन वर्षं बरी गेली. दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि नोटीस लागली की राज्यशास्त्र विभाग बंद होतोय. आमच्या वर्गात अकराच जण होतो. मॅनेजमेंटला बदलून घ्या, नाहीतर दुसऱ्या कॉलेजात ट्रान्सफर घ्या, असं सांगून त्यांनी हात झटकले. होस्टेलही सोडावं लागलं.

आम्ही दक्षिण दिल्लीत, मुनिरकात खोली बघितली. एजंटने रुबिनाचं नाव ऐकलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "एग्रीमेंट आप अपने नाम से करवा लो. फिर बिल्कुल दिक्कत नहीं होगी." रुबिनाला ते ऐकू गेलं होतं. तिने पंख्याचं बटण दाबून बघितलं. "हवा चांगली आहे," म्हणाली.

तिथे जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आम्ही कॉलेजांची यादी केली. थेट तिसऱ्या वर्षाला कुणी सहज घेत नाही. दोन्हीकडचा सिलॅबस जुळावा लागतो, क्रेडिट जुळावे लागतात आणि कुणीतरी सोडून गेल्यामुळे जागा रिकामी असावी लागते. रुबिना एकेका कॉलेजचा अभ्यासक्रम वाचायची, कोण काय शिकवतं ते शोधायची. मी मेट्रो स्टेशन किती लांब आहे ते बघायचे.

कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनात आमच्या गावचे एक काका नोकरीला होते. सल्ला विचारायला त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "दोघींनी एकाच कॉलेजचा हट्ट धरू नका. जिला मिळेल तिने घ्यायचं. ही दिल्ली आहे." त्या वाक्याचा आधार मी पुढे फार दिवस घेतला.

जुन्या कॉलेजकडून ना-हरकत आणि मार्कलिस्ट मिळवायला रुबिना सलग तीन दिवस रजिस्ट्रारच्या दाराबाहेर बसली. माझीही कागदपत्रं तिनेच आणली. दोन फाइली केल्या, पानांवर नंबर घातले. मग मंगळवारी आम्ही कामं वाटून घेतली. ती उत्तर दिल्लीतल्या दोन कॉलेजांत चौकशीला गेली. दक्षिण दिल्लीतलं एक कॉलेज तिच्या यादीत सगळ्यात वर होतं, तिथे दोन्ही फाइली घेऊन मी गेले.

खिडकीतल्या बाईंनी दोन्ही फाइली उघडल्या. बराच वेळ रजिस्टर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बेटा, थर्ड ईयर में एक ही सीट खाली है. किसकी रखूँ?"

रुबिनाचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. त्यांनी ते बघितलं नव्हतं, किंवा बघून मला विचारलं असेल. तिला फोन करता आला असता. फोन माझ्या हातातच होता.

"प्राची," मी म्हणाले. "पहली वाली."

त्यांनी शिक्का मारला आणि दुसरी फाइल परत सरकवली.

बाहेर आले तर रुबिनाचा फोन. "इथे दोन्हीकडे नाही म्हणाले यार. तिथे काय झालं?"

"अजून काही सांगत नाहीत," मी म्हणाले.

संध्याकाळी खोलीवर तिने माझ्या पिशवीतून आपली फाइल काढली, मग माझी शोधायला लागली. तेव्हा मला सांगावं लागलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. आपली फाइल मिटून म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, तू घे. आता खरंच म्हटलं असतं का, ते मलाही कधी कळणार नाही."

पुढचे पंधरा दिवस ती एकटी फिरली. कुठे सिलॅबस जुळला नाही, कुठे जागा नव्हती. मग तिचे अब्बा आले आणि तिला घेऊन गेले. मी स्टेशनवर गेले नाही; कॉलेज सुरू झालंय असं कारण सांगितलं. ते खरंही होतं.

त्या वर्षी संविधानाच्या तासाला मी पहिल्या बाकावर बसायचे. काही समजायचं, काही नाही. डिग्री झाली, एम. ए. झालं. आता एका संस्थेत कंत्राटावर संशोधनाचं काम करते. दिवसभर हिंदी-इंग्रजीत बोलते आणि फोनवर आईशी बोलताना अच्छा, चलो असले शब्द येतात. आई म्हणते, तू आता तिकडचीच झालीस.

गेल्या दिवाळीत वसमतला गेले होते. बाजारात रुबिनाची अम्मी भेटली; मी तिला लहानपणापासून खाला, म्हणजे मावशी, म्हणते. रुबिनाचं लग्न परभणीला झालंय, शिक्षण तिथेच थांबलं, एवढं मला माहीत होतं. अम्मीने माझा हात धरला. "तू हुशार, तू टिकलीस. आमची मार्कात कमी पडली म्हणे. कुणीच घेतलं नाही तिला. तिनंच सांगितलं आल्या आल्या. तिच्या अब्बांनी किती बोलून घेतलं तिला."

मी तिथे मेथीची जुडी हातात धरून उभी होते. "हो खाला," म्हणाले.

दिल्लीत गावाकडची माणसं भेटली की घराच्या आठवणी निघतात. खाणं, सण, बोली. मीही बोलते. पण माझ्यासाठी घर म्हणजे आता अशी जागा, जिथे एक बाई मला अजून चांगली मुलगी समजते आणि स्वतःच्या मुलीला कमी.

आई, हे लिहिलेलं मी आधी तुलाच पाठवते आहे; वाचशील तेव्हा खालांकडे सांगायला जाऊ नकोस. मी येत्या शनिवारी निघते आहे. आधी परभणीला उतरून रुबिनाला विचारणार आहे, तुझ्या घरी खरं सांगू का. या वेळी तिला विचारूनच. ती हो म्हणाली तर तिथून वसमतला येईन. नाही म्हणाली, तर कदाचित घरी न येताच परत फिरेन.