मूठभर धानाची शपथ

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि उरलेलं जग सुधारण्याचं काम माझ्याकडे आलं आहे, अशी माझी बाविसाव्या वर्षी पक्की समजूत होती. मी एका भजनी मंडळाचा प्रचारक होतो. पांढरी टोपी, खांद्याला झोळी, हातात खंजिरी. चांदा जिल्ह्यातल्या जंगलातल्या गावांत जायचं, प्रार्थना घ्यायची आणि लोकांची दारू सोडवायची. आवाज बेताचाच होता. ती उणीव मी उपदेशाच्या लांबीने भरून काढत असे.

सुरुवात सिंदेवाहीजवळच्या स्वतःच्या गावापासून केली. तळ्यावर मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या झोपडीमागे मोहाची दारू गाळायचं मडकं होतं. ते मी काठीने फोडलं. हाच म्हातारा आसपासच्या गावांत मोडलेली हाडं बसवायचा. खापऱ्यांकडे बघून तो एवढंच म्हणाला, "एका काठीत फुटलं. हात बरा हाये भाऊ तुमचा." मी ते कौतुक समजलो.

मग सगळ्या गावाला पारावर बोलावलं. आमच्याकडे धान हातात घेऊन कोणी खोटं बोलत नसे. मी धानाची टोपली घेऊन एकेकापुढे उभा राहिलो आणि प्रत्येकाने मूठ भरून शपथ घेतली, दारूला हात लावणार नाही. म्हाताऱ्यानेही घेतली. फक्त मी घेतली नाही. एक तर माझे दोन्ही हात टोपलीला होते आणि दुसरं म्हणजे, न पिणाऱ्याने शपथ कशाला घ्यायची?

पुढे चातुर्मासात घरी पाऊल टाकायचं नाही असा नेम करून मी वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला निघून गेलो. हा नेम कर असं मला कोणी म्हटलं नव्हतं. मायने तर नक्कीच नाही, कारण धानाची रोवणी, म्हणजे लावणी, तोंडावर होती.

तिकडच्या एका गावात मी एका सकाळी कृतज्ञतेवर बोलत होतो. देवाने दिलेलं दुःखसुद्धा प्रसाद म्हणून घ्यावं, वगैरे. आमच्या गावचा एक माणूस चिखलाने भरलेला येऊन समोर बसला. तो दोनदा उठू लागला, दोन्ही वेळा मी हाताने खूण करून बसवलं. प्रवचन संपल्यावर बिचारा म्हणाला, "बैलबंडी उलटली, भाऊ. तुमच्या बाबाचा पाय मोडला."

तो प्रसाद काही माझ्या घशाखाली उतरला नाही. नदीला पूर होता. डोंग्यातून पलीकडे जाईपर्यंत मी देवाला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या मला येतात हेही मला ठाऊक नव्हतं.

घरी पोचलो तो अपघाताचा तिसरा दिवस. बाबा खाटेवर होते, गुडघ्याखाली पाय सुजून खांबाएवढा झालेला. पुरामुळे दवाखान्याची वाट बंद होती. म्हातारा पहिल्याच दिवशी येऊन बसला होता, पण हात लावला की बाबा किंचाळत आणि अंग ताठ करत.

"पोटात मोहाची गेली पायजे," म्हातारा म्हणाला. "अंग ढिलं पडन, मंग हाड बसते. आज नाई बसलं त वाकडं जुळन. मंग नांगर धरनं नाई."

"मग काऊन नाई आणली?" मी ओरडलो. "शेजारच्या गावात गाळतात ना!"

"कोण आणन?" माय म्हणाली. "तूच त साऱ्यायच्या हातात धान देल्लं."

मी गावातली माणसं मोजू लागलो आणि माझ्यापाशी येऊन थांबलो. दारूला हात लावायला मोकळा असा गावात एकच माणूस उरला होता.

टोपी झोळीत कोंबून निघालो. शेजारच्या गावातली दारू गाळणारी बाई माझ्या तीन प्रार्थनांना बसलेली होती. तिने मला पाहिल्याबरोबर दारूचा तुंबा पाठीमागे लपवला. मी तो मागितला तेव्हा ती माझ्याहून जास्त घाबरली. बाबांचं सांगितल्यावर मात्र तिने तो काठोकाठ भरून दिला.

परतीची वाट बांधांवरून होती. दोन्हीकडे बाया रोवणी करत होत्या. त्यांचं गाणं थांबलं. त्यांच्यातली एक कंबर सरळ करून म्हणाली, "भाऊ, आज कायची प्रार्थना हाये जी?" साऱ्या हसल्या आणि त्या हशाने मी बांधावरून घसरलो, पण तुंबा तेवढा वर धरला. आयुष्यात इतक्या भक्तिभावाने मी काहीच धरलं नव्हतं.

शपथ हात न लावण्याची होती, म्हणून बाबांनी तुंब्याला हात न लावता माझ्या हातून जन्मात पहिल्यांदा दारू घेतली. आधी मला यथेच्छ शिव्या घातल्या, मग माझंच एक भजन माझ्यापेक्षा बऱ्या सुरात म्हणू लागले. दुसऱ्या कडव्याला म्हाताऱ्याने पाय ओढला. कट्ट असा आवाज झाला. मग त्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. तुंब्यात बरीच उरली होती. म्हाताऱ्याने तिचा वाससुद्धा घेतला नाही. दिवस दिवस पिणारा माणूस, मला म्हणाला, "हे तुमीच फेका, भाऊ." तेव्हा मला रडू आलं. बाबांसाठी आलं की स्वतःच्या लाजेने, ते तेव्हा कळलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात बाबांनी नांगर धरला. किंचित लंगडत होते, पण नांगराचं तास सरळ होतं. त्या दिवशी मी कुंभाराकडून नवं मडकं घेऊन म्हाताऱ्याच्या झोपडीत गेलो. म्हटलं, "बाबाजी, तुमच्या शपथेतून मी तुमाले मोकळं करतो."

तो जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "तुमी कोन मोकळं करनारे? शपथ मी धानाले देल्ली. तुमी त टोपली धरून होते."

मग त्याने मडकं घेतलं, वाजवून पाहिलं, तळ्यावरून पाणी भरून आणलं आणि पहिला लोटा माझ्यापुढे केला. कृतज्ञतेवर मी तासभर बोलू शकत असे. त्या दिवशी फक्त दोन्ही हातांनी लोटा घेतला आणि पाणी पिऊन टाकलं.